सात नंबरवर अनवाणी

तिकोणा पेठ,
शुक्रवार, दुपार

प्रिय अनू,

तुझा निरोप प्रदीपनं सोमवारी पहाटे पंपहाउसमध्ये सांगितला. तुला ठाऊकच आहे, माझा हा पोरगा बोलतो कमी आणि मान जास्त खाजवतो. मान खाजवत खाजवत म्हणाला, की येत्या रविवारी आत्याच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, वर्षश्राद्धाला तू येणार नाहीस. आईला मीच मारलं, आता तिच्या नावाचं पान वाढायला कुठल्या तोंडानं येऊ, असं तू त्याला तळेगावच्या स्टँडवर म्हणालीस. वर्ष झालं, लेकीशी भांडण झालं आणि त्या रागात चंपानं किडीचं औषध घेतलं, असंच सगळं गाव धरून चाललंय. सरकारी कागदावरही तेच आहे. तू खोलीवरून कंपनीत आणि कंपनीतून खोलीवर एवढंच करतेस, सणाला फिरकत नाहीस, विक्कीला माझी वाट बघू नकोस म्हणून सांगून टाकलंस, हे सगळं मला कळतं. चोवीस वर्षांची पोर तू. आणि मामा म्हणून मी काय केलं, तर जेवलीस का विचारलं, पाठवलेले तांदूळ पोचले का विचारलं. फोनवर ह्यापुढं माझी जीभ जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. नववी पास माणसाचं अक्षर आहे, चालवून घे.

सध्या आमच्याकडं कामाची नुसती घाई उडालीय. थंडी सरली की गोल्फ क्लबातल्या गवताला जाग येते आणि आमची झोप जाते. उद्या शनिवारी मोठी मॅच आहे. तू चौथीत असताना आईबरोबर आली होतीस, झेंड्याभोवतीची ती गोल हिरवळ बघून, मामा, ही गादी कुणी अंथरली, असं विचारलं होतंस. तीच ग्रीन. अशा अठरा. त्या गादीतच चेंडू घालायचं खळगं असतं आणि त्या गाद्यांवरच माझी पंचवीस वर्षं गेली. पहाटे साडेपाचला लांब काठीनं दव झाडायचं, मग मशीन फिरवायचं. गवत इतकं बारीक ठेवायचं की तांदूळ टाकला तर वरून दिसला पाहिजे. खळगं रोज नव्या जागी पाडायचं, जुनं असं बुजवायचं की खूण दिसता कामा नये. वाळूचे खड्डे दाताळ्यानं ओढायचे. आणि मशीनला जमत नाही ते बायकांनी करायचं, म्हणजे गुडघ्यावर बसून चिमटीनं एकेक तण उपटायचं. तुझी आई म्हणायची, आपल्या भातातलं तण काढायला बाई मिळत न्हाई आन् हितं गवतातलं गवत उपटायला अकरा बाया. सगळ्या हसायच्या. साहेब जवळून गेले तरी हसणं थांबायचं नाही, कारण साहेबाला मावळी बोली कळत नाही हे सगळ्यांना माहीत.

सोमवारी प्रदीपचं ऐकून मी सात नंबरला गेलो. सात नंबर म्हणजे धरणाच्या अंगाची ग्रीन, समोर तिकोणा, खाली पवनेचं पाणी. ह्या दिवसांत पाणी मागं सरकत जातं आणि काठाची भेगाळलेली जमीन दिसायला लागते. ग्रीनवर कावळे बसले होते. कावळे ग्रीनवर बसले की समजायचं, खाली कीड आहे. जवळ जाऊन गवत मुठीत धरलं, तर चटईसारखं हातात आलं, मुळं नव्हतीच. खाली हुमणी. भाताची आणि उसाची मुळं खाते तीच, पांढरी, जाडजूड, मुटकुळं करून पडलेली. गेल्या वर्षी ह्याच ग्रीनला, मॅचच्या ह्याच आठवड्यात निघाली होती. मी गवत परत दाबून ठेवलं आणि तिथंच बसून राहिलो. मशीनवाला पोरगा आला, म्हणाला, भाऊ, बरं वाटत नाही का? मी त्याला उगीचच शिवी दिली.

तुझ्या आईला ह्या कामावर मीच आणलं. तुझे वडील गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि चंपा दोन पिशव्या आणि तुला घेऊन माहेरी आली. मी तेव्हा नुकताच हेड माळी झालो होतो. क्लबात त्याला ग्रीनकीपर म्हणतात, पण पेठेत मला अजून गवतवाला महिपतीच म्हणतात. पहिल्याच वर्षी एका पाहुण्यानं तक्रार केली की बायकांच्या चपलांच्या टाचा ग्रीनवर उमटतात आणि चेंडू वाकडा जातो. साहेबांनी मला झापलं. मी बायकांना गोळा केलं आणि म्हणालो, हे आपलं खळं समजा. खळ्यावर आपण कधी चप्पल घालून जातो का? मळणीच्या जागेवर पायताण नेलेलं आपल्या आईबापानं खपवून घेतलं असतं का? बस, एवढं सांगायची खोटी. त्या दिवसापासून सगळ्याजणी ग्रीनच्या कडेला चपला ओळीनं काढून ठेवायच्या आणि अनवाणी आत जायच्या. काहीजणी तर आधी गवताला हात लावून कपाळाला लावायच्या. दुसऱ्या क्लबातली माणसं आमच्या ग्रीन बघायला यायची तेव्हा साहेब ह्या नियमाचं कौतुक करायचे आणि मी छाती काढून उभा राहायचो. लय शहाणा होतो मी.

मंगळवारी मॅनेजर साहेबांना हुमणीचं सांगावंच लागलं. गंधार साहेब माणूस वाईट नाही. कधी आवाज चढवत नाही, माझ्या मुलाला त्यांनीच पंपावर लावून घेतलं. म्हणाले, महिपती, तेच औषध मारा, शनिवारपर्यंत ग्रीन मला काचेसारखी पाहिजे. तेच औषध. मी गोडाऊनमध्ये जाऊन बाटली काढली. आपल्याकडं औषध मारायची एक रीत आहे, तू शेतात बघितलीच असशील. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा एक झाकण जास्त घालायचं. कमी पडलं तर कीड मरत नाही, जास्त झालं तर बिघडत काही नाही, असं माझा बाप म्हणायचा, त्याचा बापही तेच म्हणत असणार. गेल्या वर्षी मी एक नाही, तीन झाकणं जास्त घातली होती. दोनदा मारूनही हुमणी मेली नव्हती आणि मॅच दोन दिवसांवर आली होती. ह्या वर्षी मात्र मापानं घातलं.

आता तुमच्या भांडणाचं बोलतो. ते टाळून पुढं जाता येत नाही. तू विक्कीचं नाव घरात काढलंस त्याच्या आधी पंधरा दिवस मला ते कळलं होतं. आंबी गावचा मुलगा, नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत सुपरवायझर, वडील शिक्षक. मी गुपचूप चौकशी केली. मुलात खोट काढायला जागा नव्हती. पण ते बौद्ध आणि आपण मराठे, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली. तोंडावर मी तुला काही बोललो नाही, मोठेपणा घेतला, पोरांचं पोरांनी बघावं असं म्हणालो. आणि पाठीमागं चंपाला जाऊन सांगितलं, की पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तिच्या बापामागं पोरगी हाताबाहेर गेली म्हणतील. गेल्या वर्षी त्या बुधवारी संध्याकाळी तिनं तुझ्यावर हात उचलला तो माझ्या शब्दावर उचलला, अनू. तू दारातून बाहेर पडताना म्हणालीस, तू मेलीस तरी मी ह्या घरात पाऊल टाकणार नाही. मी ओट्यावरच होतो, ऐकत होतो. तुला थांबवायला उठलो नाही. सकाळपर्यंत दोघींचं रक्त थंड होईल असं मनाशी म्हणालो आणि जेवायला गेलो.

आईचं रक्त थंड झालं होतं. ही गोष्ट मी वर्षभर दाबून ठेवली. गुरुवारी पहाटे ती नेहमीसारखी पंपहाउसमध्ये चहाला आली. डोळे सुजलेले होते, पण चहा फुंकत फुंकत म्हणाली, "दादा, पोरीला लय बोलले मी. रविवारी तळेगावला जा आन् घिऊन ये तिला. त्या पोरालाबी बोलीव. जात काय चाटायची हाय का मला, पोर गेल्यावर?" मी काहीतरी पुटपुटलो. तर म्हणाली, तो मटण खातो का तेवढं विचारून ठेव, नाहीतर माळकरी निघायचा आणि माझी पंचाईत व्हायची. आणि हसली. मला तिचा राग आला होता, की काल माझ्या बाजूनं होती आणि आज लगेच फिरली. म्हणून मी हसलो नाही. हे ती मरायच्या दिवशीचं, पहाटे सहाचं आहे. पुन्हा वाच. तुझ्या आईला त्या दिवशी रविवारची घाई झाली होती.

ह्या बुधवारी मी एकट्यानं सात नंबरवर औषध मारलं. तोंडाला फडकं, पायात गमबूट. नंतर फवारे सोडून औषध मातीत मुरवलं, चारी बाजूंनी तांबडे झेंडे लावले, दोन दिवस कुणी आत जायचं नाही असं प्रदीपलाही बजावलं. म्हटलं, ह्या वेळी आपण सगळं नीट केलं. जरा बरंही वाटलं. पण काल, गुरुवारी सकाळी साहेबांचा फोन आला. पाहुणे एक दिवस आधी सरावाला येतायत, सात नंबरवर तण दिसतंय, दुपारपर्यंत बायका बसवा आणि ते झेंडे काढा, बरं दिसत नाही. मी हो म्हणालो. मला नाही म्हणायची सवयच नाही, बाळ. मी स्वतः झेंडे उपटले आणि बायका बोलावल्या. गोरखची बायको, आपली इंद्रायणी वहिनी, आता चंपाच्या जागी पुढं असते. ती कडेला थांबली, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, भाऊ, वास येतोय वं. आणि मी काय म्हणालो असेन? माझ्या तोंडातून घडी घातलेला कपडा निघावा तसं सरळ निघालं, "चपला काढा आणि बसा. काय होत न्हाई."

अकराजणींनी चपला काढल्या. ओळीनं ठेवल्या. वहिनीनं गवताला हात लावून कपाळाला लावला आणि पाय आत टाकला. तिच्या टाचांना भेगा आहेत, शेतात काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना असतात, आत लाल दिसत होतं. त्यापुढं काय झालं ते मला धड आठवत नाही. मी तिचा दंड धरून तिला ओढून बाहेर काढलं म्हणे, ती पडली, बांगड्या फुटल्या. दुसऱ्याच्या बायकोच्या अंगाला हात. बायका ओरडायला लागल्या. मी नळी ओढून आणली, तिला दगडावर बसवलं आणि तिचे पाय धुवायला लागलो, साबण मागवला आणि घोट्यापर्यंत चोळून चोळून धुतले. पन्नाशी उलटलेला हेड माळी भर दुपारी लोकाच्या बायकोचे पाय धुतोय. ती बिचारी शरमेनं पाय आखडून घेत होती आणि म्हणत होती, भाऊ, असं नका करू, पाप लागंल आमाला. मग हळूच विचारलं, भाऊ, काय झालंय तुमास्नी? मला सांगता आलं नाही. गोरख संध्याकाळी दारात येऊन तोंडाला येईल ते बोलून गेला, त्यालाही नाही सांगितलं. साहेब म्हणाले, हा तमाशा कशासाठी, मॅच होऊ द्या, मग तुमच्याशी बोलतो. काय बोलणार ते मला कळलंय.

तुला सांगतो. गेल्या वर्षी गुरुवारी सकाळी ह्याच ग्रीनवर मी तीन झाकणं जास्त घातलेलं औषध मारलं. ते पाण्यानं मुरवायचं असतं, पण ओली ग्रीन पाहुण्यांना चालणार नाही म्हणून मी फवारे सोडले नाहीत. औषध वरच, गवतावर राहिलं. नऊ वाजता बायका आणल्या. त्यांनी वासाचं म्हटलं, कुणी आत जाईना. तेव्हा मी चंपाकडं बघून म्हणालो, तू बस म्हणजे बाकीच्या बसतील. हेड माळ्याच्या बहिणीनंच नाही ऐकलं तर माझं कोण ऐकणार? तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग चपला काढल्या, गोणपाट अंथरलं आणि मधोमध जाऊन बसली. बाकीच्या कडेकडेनं बसल्या आणि तासाभरात डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून एकेक करून उठल्या. मी त्यांना उन्हाचं कारण सांगून जाऊ दिलं. चंपाला नाही जाऊ दिलं. तेवढं संपव, म्हणालो. ती दुपारी दोनपर्यंत त्या ओल्या गोणपाटावर गुडघे टेकून, भेगाळलेल्या पायांनी, उघड्या हातांनी तण काढत होती. त्याच हातांनी मधे भाकरी खाल्ली. मी तिला हात धुवायला पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही. दोन वाजता मला ती आडवी झालेली दिसली. अंग घामानं निथळत होतं, तोंडाला फेस आलेला, डोळ्यांतून पाणी. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं होतं. म्हणाली, "दादा, धुकं दिसतंय रं. दोनच हात राह्यलं व्हतं."

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, वास घेतला आणि विचारलं, बाई औषध प्यायल्यात का? मी म्हणालो, मला ठाऊक नाही. ते म्हणाले, घरात काही वाद झाला होता का? साहेब माझ्या मागं उभे होते. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. ते काही बोलले नाहीत, मीही मागं वळून बघितलं नाही. मला डोळ्यांपुढं नोकरी दिसली, प्रदीप दिसला, चौकी दिसली. मी म्हणालो, "हो. काल लेकीशी भांडण झालं." त्यात खोटं काय होतं, असं मी वर्षभर स्वतःला विचारत आलोय. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. प्याल्याचं धरून त्यांनी नळी घालून पोट धुतलं. दिवेलागणीला ती गेली. दुसऱ्या दिवशी हवालदार आला, त्यानंही तेच लिहिलं, घरगुती वादातून, आणि खाली माझी सही आहे. तू आलीस तेव्हा मी तुला जवळ घेतलं. तू माझ्या खांद्यावर रडत, मामा, मी तसं का बोलले, मी तसं का बोलले, असं विचारत होतीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत, होतं असं, बाळ, असं म्हणत राहिलो. आपल्या वैऱ्याच्याही वाट्याला असा मामा येऊ नये.

तेरावं झाल्यावर मी त्या बाटलीबरोबरचा कागद काढून वाचला. मराठीतही लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. अंगावर पडल्यास कपडे ताबडतोब काढा, कातडी साबणानं भरपूर धुवा, डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. ती संध्याकाळपर्यंत त्याच लुगड्यात होती, अनू. घोट्यापासून मांडीपर्यंत भिजलेल्या लुगड्यात. मी त्या डॉक्टरांना एवढंच म्हणालो असतो, की साहेब, ती प्यायली नाही, त्यात बसली होती, तर कदाचित वाचली असती. कदाचित नसतीही. हे मला कुणी सांगू शकणार नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

मी तुझ्याकडं माफी मागत नाही, मागायचा हक्क नाही मला. हे लिहिण्याचं कारण वेगळं आहे. सोमवारी सकाळी मी वडगावच्या ठाण्यात जाऊन जबाब बदलणार, असं ठरवलंय. पण तू मला ओळखत नसशील तितका मी मला ओळखतो. मधे उद्याची मॅच आहे, मग साहेब बोलावतील, प्रेमानं समजावतील, प्रदीपच्या नोकरीचं काढतील, तुझी मामी रडेल, आणि सोमवारी मी पहाटे उठून दव झाडायला जाईन. गेलं वर्षभर मी दर सोमवारी असाच जात आलोय. म्हणून हा जबाब आधी तुझ्या हातात देतोय. प्रदीप आज संध्याकाळी आणून देईल, त्यानं वाचलेला नाही. रविवारी तू ये. पान तू वाढ, नैवेद्य तू ठेव, घर तुझ्या आईचं आहे, विक्कीला बरोबर आणलंस तरी दारात कुणी आडवं येणार नाही. मला समोर बघवलं नाही तर मला उठून जायला सांग, मी जाईन. आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत, मी ठाण्यात जाऊन आलो, असा माझा फोन आला नाही, तर हे पत्र घेऊन तू स्वतः वडगावला जा. मामा आहे, म्हातारा होत चाललाय, मुलं आहेत, असला काही विचार करू नकोस. मी तुझ्या बाबतीत केला नव्हता. मामा एवढंच लिहिलेलं तिथं चालणार नाही, म्हणून खाली पूर्ण नाव लिहून सही करतो.

तुझाच,
महिपती सखाराम केदारी
राहणार तिकोणा पेठ, तालुका मावळ